गलगंडापासून गोळीपर्यंत

आमच्या घोटीतल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं, तरी दोन-तीन बायका 'थायरॉईडची बाटली द्या' म्हणताना ऐकू येतात. कुणाची पंचवीसची, कुणाची पन्नासची, कुणाची शंभरची. हे आकडे मायक्रोग्रॅमचे असतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, हे ठाऊक नसलं तरी आकडा मात्र तोंडपाठ असतो. गोळी इतकी बारीक की हातातून निसटली तर फरशीवर शोधत बसावं लागतं. एवढी घरोघरी पोचलेली ही गोळी, पण तिच्याबद्दल विचारलं तर बहुतेक वेळा दोनच वाक्यं कानावर येतात. एक, 'वजन वाढतं ना, त्याची आहे.' आणि दुसरं, 'एकदा सुरू केली की सुटत नाही.' हे दुसरं वाक्य अशा सुरात म्हणतात की जणू तंबाखूच लागली.

मी स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ ही गोळी घेते आहे. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू हाती आली की ती कुठून आली हे पाहण्याची खोड आहे. या गोळीचा इतिहास पाहिला तेव्हा लक्षात आलं की तो जेवढा औषधाचा आहे, तेवढाच बायकांना आळशी म्हणण्याचाही आहे.

आधी ती ग्रंथी काय आहे ते सांगते. गळ्यात पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखरासारखी दोन पंखांची एक लहानशी ग्रंथी असते. शालेय पुस्तकात तिचं नाव 'अवटू ग्रंथी' होतं. परीक्षेबाहेर तो शब्द उच्चारलेला एकही विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही, म्हणून आपण थायरॉईडच म्हणू. ती थायरॉक्सिन नावाचा रस रक्तात सोडते आणि शरीराच्या सगळ्या कामांचा वेग त्यावर ठरतो. रस कमी पडला की सगळंच मंदावतं. थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, केस गळतात, कातडी कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर सूज येते, पाळी बिघडते, आठवण राहत नाही. आणि सकाळी उठताना वाटतं की आपल्या अंगावर कुणी तांदळाचं पोतं ठेवलं आहे.

हे सगळं एकत्र पाहून कागदावर आणलं ते लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरांनी, १८७३ साली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच 'स्त्रिया' हा शब्द होता. प्रौढ वयात काही बायकांना येणारी एक विचित्र अवस्था, असा त्याचा विषय. चाळिशीपुढच्या, पाळी गेलेल्या एका बाईची हकीकत त्यात आहे. ती हळूहळू मंद होत गेली, चेहरा रुंद झाला, जीभ जड झाली, हात जाडसर झाले. गल यांना कारण सापडलं नाही, पण त्यांनी तिला ढोंगी म्हटलं नाही. हा आजार आहे असं म्हटलं. मला हे थोडंथोडकं वाटत नाही. पाच वर्षांनी विल्यम ऑर्ड यांनी अशा रोग्यांत थायरॉईड ग्रंथी सुकून गेलेली असते हे दाखवलं.

याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दुसरा एक धागा उलगडत होता. तिथल्या डोंगरी भागात गलगंड फार. बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर हे गलगंडाची शस्त्रक्रिया करण्यात वाकबगार होते. १८७४ साली त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीची थायरॉईड ग्रंथी पूर्ण काढून टाकली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. काही वर्षांनी त्यांनी त्या मुलीला पुन्हा पाहिलं तेव्हा तिची धाकटी बहीण, जी आधी अगदी तिच्यासारखी दिसे, उंच आणि चलाख झाली होती आणि ही मात्र तशीच खुजी राहून बुद्धीने मंद झाली होती. कोखर यांनी आपले जुने रोगी बोलावून तपासले, आणि ज्यांची ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती त्यांपैकी बहुतेकांची तीच गत झालेली दिसली. हे त्यांनी १८८३ साली जाहीर सभेत मांडलं. स्वतःच्या यशस्वी शस्त्रक्रियेचं असं ऑडिट करणारा माणूस विरळाच. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मग १८९१. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे नावाचा पंचविशीतला डॉक्टर. त्याच्याकडे ४६ वर्षांची एक बाई आली, चार-पाच वर्षं मंदावत गेलेली, सुजलेली. मरे यांनी साधा हिशेब केला. रस कमी पडतो आहे तर तो बाहेरून द्यावा. मेंढीची थायरॉईड ग्रंथी आणून तिचा अर्क काढला आणि सुईने टोचला. काही महिन्यांत बाईचा चेहरा उतरला, बोलणं भरभर होऊ लागलं, चालणं सुधारलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी दाखवलं की सुईचीही गरज नाही, तोंडाने दिलं तरी चालतं. एकाने तर मेंढीची ग्रंथी हलकी परतून, बारीक करून, फळांच्या जेलीबरोबर आठवड्यातून एकदा खायला सांगितलं होतं! मरे यांची ती रोगी बाई औषध घेत राहिली आणि १९१९ साली ७४ वर्षांची होऊन वारली. तेवढ्या २८ वर्षांत तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, अशी नोंद आहे.

'गोळी सुटत नाही' म्हणणाऱ्यांना मी ही बाई सांगते. तिची सुटली नाही, म्हणून तर ती २८ वर्षं जगली.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९१४ च्या नाताळाच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी त्या रसातला शुद्ध पदार्थ, थायरॉक्सिन, वेगळा काढला. सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथींतून मिळाला तो काही ग्रॅम. १९२७ पर्यंत लंडनच्या चार्ल्स हॅरिंग्टन यांनी तो प्रयोगशाळेत बनवून दाखवला. आज आपण घेतो ती गोळी कारखान्यात तयार होते. तिच्यातलं थायरॉक्सिन मेंढीचं नाही की डुकराचं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता मिठाकडे वळू. थायरॉईडला रस बनवायला आयोडीन लागतं. माणसाला दिवसाला लागतं ते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांचं सगळं मिळून चहाच्या चमच्यातही मावेल. पण तेवढंही मातीत नसेल तर पिकात येत नाही, पाण्यात येत नाही. मग ग्रंथी बिचारी ओढूनताणून काम करते आणि फुगते. तोच गलगंड. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात त्याचं वर्णन आहे, इतका तो जुना. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत गलगंड नसलेली बाई दिसणं कठीण, असं जुने प्रवासी लिहीत.

आपल्याकडे लोकांना वाटतं, कोकण जवळ, समुद्राचं मीठ खातो, मग आयोडीनची काय चिंता? ही समजूत चुकीची आहे. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असतं, पण मिठागरात मीठ धरताना ते मिठाच्या खड्यात जवळजवळ उतरत नाही. घोटीला तर मीठ पिढ्यान्‌पिढ्या कोकणातूनच आलं. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, त्याआधी वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे घाट चढून मीठ आणत आणि धान्य घेऊन उतरत. माझ्या लहानपणी वाण्याच्या दुकानाबाहेर ओट्यावर खड्या मिठाचं पोतं उघडंच पडलेलं असे. रात्रीसुद्धा. मीठ कुणी चोरत नसे. घरी आणलं की आई ते पाण्यातून काढून, निथळून, चिनी मातीच्या बरणीत भरी, कारण त्यात माती फार. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणात बरणीच्या तळाशी पाणी जमायचं आणि ते फेकून द्यायचं. म्हणजे त्या काळी मिठात आयोडीन घातलेलं असतं तरी धुण्यात आणि त्या पाण्यातच गेलं असतं.

हा पावसाचा प्रश्न शास्त्रज्ञांपुढेही होता. १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात एक प्रयोग सुरू केला. तिथे शंभरात साधारण अडतीस माणसांना गलगंड होता. खोऱ्याचे तीन भाग केले. एका भागाला पोटॅशियम आयोडाईड घातलेलं मीठ, दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेट घातलेलं, तिसऱ्याला साधंच. १९६२ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा आयोडीनच्या दोन्ही भागांत गलगंडाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं होतं, आणि साध्या मिठाच्या भागात जिथल्या तिथे होतं. मग तिथेही आयोडीनचं मीठ दिलं आणि तिथलंही उतरलं. आयोडेट दमट हवेत जास्त टिकतं, म्हणून आज आपल्या मिठात तेच घालतात. या कामाचा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात १९७३ साली आला. त्याच्या लेखकांत डॉ. माधव देव आणि डॉ. एम. जी. करमरकर ही दोन आपली नावं वाचून मला फार बरं वाटलं. दिल्लीच्या एम्समध्ये बसून या मंडळींनी जे केलं त्याची आपल्या मराठी पुस्तकांत एक ओळ नाही. शाळेत इतिहास शिकवताना मिठाचा सत्याग्रह आम्ही दरवर्षी घसा फोडून शिकवला, पण मिठाचा हा दुसरा इतिहास अभ्यासक्रमात कधी नव्हता.

१९६२ साली सरकारने गलगंड नियंत्रण कार्यक्रम काढला. ऐंशीच्या दशकात सगळंच खाण्याचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. १९९८ मध्ये साध्या मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आली, २००० मध्ये उठली, २००६ मध्ये पुन्हा आली. मीठ कुणी कसं खावं हे सरकारने का सांगावं, असा आक्षेप गांधीवादी मंडळींनी घेतला होता, आणि लहान मिठागरवाल्यांचा धंदा बसतो हेही खरंच होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २०११ मध्ये निकाल लागला, नियमाच्या कायदेशीर आधारावर बोट ठेवलं गेलं, पण नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली तरतूद टिकली. माझं मत विचाराल तर ही बंदी योग्य आहे. तत्त्वाची किंमत डोंगरातल्या लेकरांच्या बुद्धीने मोजायची नसते.

मग इतकं सगळं होऊनही औषधाच्या दुकानात एवढ्या बायका कशा? कारण आजार दोन प्रकारचे. आयोडीन नसल्याने होणारा मिठाने आवरला. दुसरा आयोडीनच्या कमतरतेने होत नाही. आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून थायरॉईडवर तुटून पडते आणि ती हळूहळू निकामी करते. १९१२ साली हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी डॉक्टरांनी चार रोग्यांच्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून याचं पहिलं वर्णन केलं. चारही बायका. निबंध जर्मन भाषेत छापला आणि पुढे हाशिमोतो आपल्या गावी जाऊन साधी डॉक्टरकी करू लागले. १९३४ साली विषमज्वराने गेले. आज जगभर या आजाराला त्यांचं नाव आहे, हे त्यांना कळलं नाही. ही आपल्याच फौजेची लढाई आहे हे १९५६ साली लंडनला सिद्ध झालं, आणि ते करणाऱ्यांत डेबोरा डोनियाक ही बाई होती. असे आजार बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतात, बाळंतपणानंतर तर विशेष. २०१३ साली आठ शहरांतल्या पाच हजारांवर प्रौढ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबई आणि गोवाही होतं. सुस्त थायरॉईड बायकांत शंभरात जवळजवळ सोळा आणि पुरुषांत पाच निघालं.

गंमत म्हणावी की दुर्दैव, गलगंड गळ्यावर दिसायचा, म्हणून त्या बाईला कुणी आळशी म्हटलं नाही. या दुसऱ्या आजारात बहुतेकींच्या गळ्यावर काहीच दिसत नाही. असतो तो रक्ताच्या रिपोर्टवरचा एक आकडा. त्यामुळे गल यांच्या आधीचे दिवस पुन्हा आले. 'खाऊन खाऊन सुटली.' 'कामाचा कंटाळा.' 'हिला नेहमीच काहीतरी होत असतं.' माझ्या चोपन्नाव्या वर्षी मला जिना चढवेना, फळ्यावर लिहिताना शब्द आठवेनात, तेव्हा एका डॉक्टरांनी 'पाळी जाण्याचं वय आहे, होणारच' असं सांगून दोन वर्षं लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. गल यांनी १८७३ साली पाळी गेलेल्या बाईतच हा आजार ओळखला होता, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर बरं झालं असतं. अखेर रक्त तपासलं, टीएसएच भरमसाट वाढलेलं निघालं.

या टीएसएचने बायका फार गोंधळतात. आकडा जास्त म्हणजे थायरॉईड जास्त, असं वाटतं. उलटं आहे. टीएसएच हा मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा हुकूम. थायरॉईड ऐकेनाशी झाली की हुकूम मोठा होत जातो. वर्ग ऐकत नाही तेव्हा मास्तरांचा आवाज चढतो ना, तसं. गोळीने रस पुरेसा मिळाला की आवाज आपोआप उतरतो. आता ही तपासणी घोटीतही होते. पूर्वी असं काही निघालं की परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं नाव निघे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली काढलेलं ते केंद्र थायरॉईडसाठी प्रसिद्ध. नाशिक जिल्ह्यातून माणसं पहाटेच्या गाडीने तिथे जात.

काही वर्षांपूर्वी दारणेच्या काठच्या एका गावात दिलेली माझी एक विद्यार्थिनी बाजारात भेटली. तिसरा महिना होता. म्हणाली, "बाई, थायरॉईडची गोळी बंद केली. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना गोळ्या नको." माझ्या काळजाचा ठोकाच चुकला. पोटातल्या बाळाची थायरॉईड पहिले तीन महिने काम करत नाही, ते सर्वस्वी आईच्या रसावर असतं, आणि मेंदूची घडण तेव्हाच सुरू होते. अशा वेळी गोळी थांबवायची तर नाहीच, उलट डॉक्टर बहुतेक वेळा वाढवतात.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. सासू माळकरी, शांत बाई. भांडायला काही जागाच नव्हती. चहा ठेवून म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण माझं पहिलं लेकरू इंजेक्शन घेतल्यावर गेलं. तेव्हापासून मला औषधाचा धाक बसला." यावर मी काय बोलणार? जरा वेळाने न्यूकॅसलच्या बाईची गोष्ट सांगितली. मेंढीचा अर्क म्हटल्यावर त्या दचकल्याच. "मेंढीचं? आणि सुनेला?" मग मला कारखान्याचा सगळा इतिहास सांगावा लागला, आणि शेवटी त्यांना पटलं ते असं: "हे औषध म्हणायचं नाही. जे तिच्या अंगात व्हायला हवं आणि होत नाही, तेच बाहेरून देतात. तान्ह्याला आईचं दूध कमी पडलं तर आपण वरचं देतोच ना?" त्या बराच वेळ गप्प होत्या. मग सुनेला म्हणाल्या, "आण गं ती बाटली."

गोळी घेण्याची शिस्त मात्र हवी. सकाळी अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग निदान अर्धा-पाऊण तास काही नाही, चहासुद्धा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर अंगी लागत नाही. गरोदरपणात या दोन्ही गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळतातच, आणि बायका तिन्ही एकदम गिळून मोकळ्या होतात. मात्रा बदलली की सहा-आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचं. कोबी-फ्लॉवर शिजवून खायला हरकत नाही, त्याचा बाऊ फार झाला आहे. शेजारणीचा आकडा बघून आपली मात्रा वाढवायची नाही. जास्त झाली तर छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. वजन गोळीने चार-दोन किलो उतरेल, पंधरा उतरणार नाही. आणि माझ्या वयाच्या बायकांनो, सत्तरीनंतर टीएसएच थोडंसं जास्त निघालं तर प्रत्येक वेळी गोळी लागतेच असं नाही. ते डॉक्टरांना विचारा, मेडिकलवाल्याला नको.

त्या मुलीचं बाळंतपण नाशिकला झालं. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉईड तपासली. ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हायला हवी. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकातच हे काम सुरू केलं होतं. पुढे आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत, एक लाखावर बाळं तपासल्यावर, साधारण ११३० बाळांमागे एकात जन्मतः थायरॉईडची उणीव आढळली. पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केली तर अशी बाळं इतरांसारखीच वाढतात. उशीर झाला तर कोखर यांच्या त्या मुलीसारखं होतं, आणि मग गोळीने गेलेलं परत येत नाही. आपल्याकडे अजून कित्येक बाळंतपणांत हा थेंब घेतलाच जात नाही.

या बाळाचा रिपोर्ट चांगला आला. मुलीची मात्राही पुन्हा पहिल्यासारखी कमी झाली. मागे गेले तेव्हा ती नातू पायांवर घेऊन बसली होती आणि चुलीवरचा चहा उकळून खाली उतरला होता. तिने हात पुढे केला तर सासूबाई म्हणाल्या, "थांब, अजून दहा मिनिटं आहेत."